तीन नंबरची हजेरी

मी एक जुना संगणक आहे. किती जुना, ते माझ्या रंगावरूनच ओळखा. आलो तेव्हा पांढराशुभ्र होतो, आता खिडकीत राहिलेल्या वर्तमानपत्रासारखा पिवळा पडलोय. हल्ली माझा मुक्काम अडगळीच्या खोलीत, मोडक्या खुर्च्या आणि गुंडाळून ठेवलेले नकाशे यांच्या शेजारी असतो. इथे कुणी माझी विचारपूस करायला येत नाही. माझी त्याबद्दल तक्रारही नाही. माझ्या हातून जे झालं, त्यानंतर कुणी विचारपूस करावी तरी कशाला? पण मित्रांनो, तुम्ही लहान आहात, निवांत ऐकून घ्याल, म्हणून तुम्हाला सांगतो. मोठ्यांना सांगायला गेलं की ते लगेच घड्याळ बघतात.

माझा जन्म काही थाटामाटात झालेला नाही. एका दुकानाच्या मागच्या खोलीत, दोन स्टुलांवर आडवी फळी टाकून दुकानदाराने मला जुळवलं. खोकं एकीकडचं, तारा दुसरीकडच्या, पंखा तर कुणाच्या तरी पोटातून काढलेला. एक तबकडी मात्र कोरी करकरीत होती. तबकडी म्हणजे माझी आठवण. जे काही मला सांभाळायला द्याल ते तिच्यावर लिहिलं जातं, आणि ती माझ्या पोटात गरागरा फिरत असते. दुकानदाराने मला पहिल्यांदा चालू केलं, कान लावून ऐकलं आणि म्हणाला, "आवाज छान आहे." आयुष्यातली ती पहिली शाबासकी. तेव्हापासूनच मला शाबासकीची चटक लागली असावी.

तिथून मी एका कॉलेजच्या कचेरीत गेलो. प्रवेशाच्या याद्या, परीक्षेचे नंबर, सुट्ट्यांचे अर्ज, असलं सगळं रटाळ काम. कारकून चहा पिता पिता माझ्यावर रागवायचा, कधी चापट मारायचा, पण मी कधी बंद पडलो नाही. सहा वर्षांनी कचेरीत नवे, सडपातळ संगणक आले आणि मला उचलून वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत, अगदी कोपऱ्यातल्या टेबलावर ठेवलं गेलं. वर एक जुना टॉवेल टाकला. तीन वर्षं मी त्या टॉवेलाखाली होतो. प्रयोगशाळेचे शिपाई, ज्यांना सगळे मामा म्हणत, तेवढे आठवड्यातून एकदा टॉवेल झटकून पुन्हा घालायचे. तेवढाच काय तो उजेड.

मग एके दिवशी बाई आल्या.

बाई एका शाळेत गणित शिकवायच्या. शाळेत मुलं बाई म्हणत, म्हणून इथेही सगळे बाईच म्हणू लागले, त्यांचे मार्गदर्शक सरसुद्धा. त्यांनी तीन वर्षांची अभ्यासरजा घेतली होती. तीन वर्षांत प्रबंध पुरा करायचा, पदवी घ्यायची, नाहीतर खडू हातात घेऊन पुन्हा वर्गावर. दुसऱ्यांदा रजा मिळणार नाही, हे मुख्याध्यापिकांनी आधीच बजावलेलं होतं, कारण बाईंचे तास तीन वर्षं बाकीच्या शिक्षकांनी वाटून घेतले होते. घरी एक मुलगी, नवरा आणि सासूबाई. सासूबाई डबा भरून द्यायच्या आणि रोज विचारायच्या, "किती पानं झाली?"

बाईंनी टॉवेल उचलला, माझ्यावरची धूळ बोटाने पुसली आणि मामांना म्हणाल्या, "हे चार भंगारात नको जाऊ देत. मला असेच हवेत." आम्ही चार जण होतो. त्यांनी आमच्यावर खडूने आकडे घातले. मी तीन नंबर झालो. काय सांगू मित्रांनो, त्या दिवशी माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आता बाईंचा अभ्यास काय होता, ते सांगतो. घाबरू नका, मामांना कळलं तर तुम्हालाही कळेल. एरवी संगणकांच्या जाळ्यात एक मोठा संगणक असतो. सगळ्यांनी त्याच्याकडे मागायचं, त्याने द्यायचं. तो आजारी पडला की सगळेच हात चोळत बसतात. बाईंना असं जाळं हवं होतं, ज्यात कुणी मोठा नाही आणि कुणी धाकटा नाही. सगळे बरोबरीचे. प्रत्येकाने थोडं सांभाळायचं, प्रत्येकाने शेजाऱ्याला द्यायचं. आणि शेजारी म्हणजे शेजारच्या टेबलावरचा नव्हे बरं का. खऱ्या तारा भिंतीतून कशाही गेलेल्या असोत, बाईंनी त्यांच्यावर ओळखीचं एक दुसरंच जाळं अंथरलं होतं. जाळ्यातल्या प्रत्येक सभासदाला एक क्रमांक दिला आणि सगळ्यांना क्रमांकाप्रमाणे गोल बसवलं. ज्याचा क्रमांक आपल्या पुढचा, तो आपला शेजारी, मग तो गावाच्या दुसऱ्या टोकाला का असेना.

असे एकतीस सभासद खरोखरच गावभर होते. एक दवाखान्यातली परिचारिका, एक निवृत्त पोस्टमास्तर, एक शिंपी, बाईंच्या शाळेतल्या मुलांचे आईवडील. सगळ्यांनी आपापल्या घरच्या किंवा दुकानातल्या संगणकावर बाईंचा प्रोग्रॅम घालून घेतला होता. त्यांनी नेहमीसारखं वागायचं, वाटेल तेव्हा संगणक चालू करायचा, वाटेल तेव्हा बंद करायचा. माणसांची अशी ये-जा चालू असताना जाळं टिकतं कसं, हाच तर बाईंचा प्रश्न होता. कोण कधी आला, कधी गेला, किती वेळ राहिला, याची चौदा महिन्यांची नोंद त्यांना हवी होती.

शिंप्याचं मात्र वेगळंच. त्याला वाटे, आपण बंद केला तर बाईंच्या कामात खंड पडेल. तो दुकान बंद करून जायचा, पण संगणक चालूच ठेवायचा. बाईंनी दोनदा समजावलं, तो दोनदा हो म्हणाला आणि पुन्हा चालूच. शेवटी बाईंनीच हात टेकले.

एकतीस घरांनी जाळं छोटं दिसतं, म्हणून बाईंनी आम्हा चौघांच्या पोटात प्रत्येकी आठ आठ सभासद घातले. म्हणजे मी एकट्याने आठ जणांचं सोंग घ्यायचं. पहिल्याच आठवड्यात दोन नंबर दुपारच्या उकाड्यात दोनदा मान टाकून बसला. खरी नोंद अजून सुरू व्हायची होती, तरी बाई वैतागल्या. त्यांनी त्याच्याकडे एकच सभासद ठेवला आणि बाकीचे सात मला दिले. सरांना म्हणाल्या, "तीन नंबरवर कितीही टाका, तो कुरकुरत नाही." झालं! माझी मान एवढी ताठ झाली की विचारू नका. आठाचे पंधरा झालो. पंधरा क्रमांक, ओळीने एकापुढे एक, आणि सगळे मीच.

दर अर्ध्या मिनिटाला प्रत्येक सभासदाने शेजाऱ्याला "आहे" असं सांगायचं. हजेरीच ती. कुणाचं "आहे" आलं नाही, की शेजारी समजायचे हा गेला. मग त्याच्याकडे जे ठेवलेलं असेल, त्याची आणखी एक प्रत ते दुसऱ्या कुणाकडे करून ठेवायचे. प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती, ओळीने तीन सभासदांकडे. एक गेला तर दोन आहेत, दोघे गेले तर एक आहे. तिघेही एकदम कशाला जातील, असा बाईंचा हिशोब होता. कागदावर तो बिनचूक होता.

त्या नोंदीसाठी बाईंनी लोकांना एक शब्द दिला होता. संगणक कधी चालू, कधी बंद, यावरून घरात माणूस केव्हा आहे हे उघड कळतं. परिचारिकेने तर स्पष्टच विचारलं होतं, "ही वही कुणाच्या हाती लागली तर?" बाई म्हणाल्या होत्या की ती वही कुठेही एका जागी उघडी राहणार नाही. आणि त्या शब्दाला जागल्या. दर शनिवारी त्या नवी नोंद जुन्या गाठोड्यात घालत, गाठोडं कुलूपबंद करत, त्याचे तुकडे करून आमच्या जाळ्यात वाटून टाकत. जाळ्याबाहेर दुसरी प्रत कुठेही नाही. सगळे तुकडे जमल्याशिवाय कुलूप उघडत नसे. सरांनी एकदा सुचवलं की एक प्रत त्यांच्या कपाटात राहू दे. बाईंनी नकारार्थी मान हलवली. म्हणाल्या, लोकांना शब्द दिलाय, आणि माझ्याच जाळ्यावर माझा विश्वास नसेल तर प्रबंधात लिहू काय?

पहिल्या तेरा महिन्यांत मी एकदाही बंद पडलो नाही. बाकीचे तिघे अधूनमधून थकायचे. माझ्या हजेरीचा तक्ता बाईंनी छापून भिंतीवर लावला होता, एकही खाडा नाही. कॉलेजात कुणी पाहुणा आला की सर त्याला माझ्यापुढे उभं करत आणि म्हणत, हा आमचा सगळ्यात खात्रीचा गडी. शाबासकी ऐकून मी हुरळून जायचो. आज वाटतं, एखादा दिवस मी आजारी पडलो असतो तर फार बरं झालं असतं. माझे पंधराही जण एकदम गप्प झाले असते, बाईंना त्याच दिवशी चूक दिसली असती, आणि सुधारायला हातात अख्खं वर्ष असतं.

तेराव्या महिन्याच्या शेवटी माझी तबकडी दुखू लागली.

आधी नुसती टकटक व्हायची. मग एखादी ओळ वाचायला गेलो की वाचता येईना. मित्रांनो, इथे मी जे केलं ते नीट ऐका, कारण तीच माझी चूक आहे. एखादी ओळ वाचता आली नाही, तर "वाचता येत नाही" असं मी सांगायला हवं होतं. तसं सांगितलं असतं तर बाईंच्या पडद्यावर लाल अक्षरं उमटली असती. पण भिंतीवर तो तक्ता होता. मी ती ओळ पुन्हा वाचायचो, पुन्हा पुन्हा, दहा दहा वेळा वाचायचो, कशीबशी जुळवायचो आणि साळसूदपणे पुढे द्यायचो. तोंडातून ब्र काढला नाही. आणि दर अर्ध्या मिनिटाला माझे पंधराही जण ठणकावून सांगत होते, "आहे."

मामांना मात्र ऐकू आलं. ते फडकं मारताना थांबले आणि त्यांनी बाईंना हाक मारली. बाईंनी माझ्या अंगाला कान लावला, मग पडद्यावर बघितलं. पंधरा हिरवे ठिपके होते. त्या म्हणाल्या, मामा, पंधराच्या पंधरा हजर आहेत, त्यातला एखादा गेला तरी बाकीचे सांभाळून घेतील.

मामांनी फडकं खांद्यावर टाकलं. "ते बरोबर आहे बाई. पण पंधरा जण म्हणजे कोण? मला तर खोकं एकच दिसतंय."

बाई हसल्या. आणि हसता हसता एकदम थांबल्या. खुर्ची ओढून खाली बसल्या, कागद घेतला, गोल काढला, क्रमांक मांडले. एका तुकड्याच्या तीन प्रती ओळीने तीन सभासदांकडे. आणि माझे पंधरा जण ओळीने बसलेले. तीन निरनिराळी घरं समजून त्यांनी एकाच घराच्या तीन दारांत सामान ठेवलं होतं. पाचातला एक तुकडा असा होता, की त्याच्या तिन्ही प्रती माझ्याच एका तबकडीवर होत्या. वरचं जाळं बघता बघता खालचं खोकं बघायचं त्या विसरल्या होत्या. मलाही हे तेव्हाच कळलं, कारण मला माझे पंधराच दिसायचे, बाकीचा गोल कधी दिसलाच नव्हता.

त्यांनी सरांना बोलावलं. दोघे बराच वेळ कागदावर वाकून बोलत होते. क्रमांक बदलायचे तर सगळं जाळं थांबवून पुन्हा उभं करावं लागणार. म्हणजे चौदा महिन्यांच्या सलग नोंदीत मोठी फट. आणि नोंद संपायला उरले होते फक्त एकोणीस दिवस. सर म्हणाले की फट परवडली, तुम्ही थांबवा. बाईंनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, एवढे दिवस काढले, एकोणीस दिवस सहज जातील, तीन नंबरला मी ओळखते.

सर गेल्यावर त्या माझ्याजवळ आल्या. माझ्या पाठीवर हात ठेवला आणि अगदी हळू विचारलं, "काढशील ना रे एवढे दिवस?"

त्या क्षणी मी एक ओळ वाचत होतो. नवव्यांदा. ती मला येत नव्हती. तिथेच सोडून दिली असती, लाल अक्षरं उमटू दिली असती, तर बाईंनी त्याच संध्याकाळी माझ्याकडचं सगळं उचलून दुसरीकडे नेलं असतं. पण पाठीवर हात होता. मी दहाव्यांदा वाचली, जुळवली आणि म्हटलं, "आहे."

अकरा दिवस काढले मी. बाराव्या दिवशी, शनिवारी दुपारी, बाईंनी गाठोडं बांधलं, तुकडे वाटले, जुने पुसले आणि डबा खायला बसल्या. त्यांनी पहिला घास घेतला तेव्हा माझी तबकडी करकरली आणि थांबली. पंधरा हिरवे ठिपके एकदम विझले. शेजाऱ्यांनी नेमाप्रमाणे माझ्याकडच्या तुकड्यांच्या नव्या प्रती करायला घेतल्या. पण प्रत कशावरून करणार? ते एकमेकांना विचारत राहिले, तुझ्याकडे आहे का, तुझ्याकडे आहे का. कुणाकडेच नव्हतं.

आता तबकडी गेल्यावर हे मला कसं आठवतं, असं एखादा हुशार मुलगा विचारेल. आठवतं बाबा. काही गोष्टी तबकडीवर लिहाव्या लागत नाहीत.

मामा पळत जाऊन दुरुस्तीवाल्याला घेऊन आले. त्याने मला उघडलं, तबकडी बाहेर काढली, उजेडात तिरकी धरली. तिच्यावर गोल गोल ओरखडे उठले होते. तो म्हणाला, हे आजचं नाही, महिनाभर तरी घासत असणार, तुम्हाला काहीच कळलं कसं नाही? मामा माझ्याकडे बघत होते. मला त्या टॉवेलाखाली परत जावंसं वाटलं.

सर रजेसाठी स्वतः शाळेत जाऊन आले. मुख्याध्यापिका वाईट नव्हत्या, पण तीन वर्षं दुसऱ्यांनी ओढलेले तास आणखी चौदा महिने त्या कुणाच्या गळ्यात घालणार? रजा संपत होती ती संपणारच होती. एका ओळखीच्याने बाईंना सुचवलं की अंदाजाने आकडे भरून टाका, परीक्षक काय घरोघर जाऊन विचारणार आहेत? बाई त्याला फक्त एवढंच म्हणाल्या की तुम्ही आता जा.

आणि सोमवारी सकाळी त्या माझ्या शेजारच्या टेबलावर फोन घेऊन बसल्या. मी उघडाच होतो, पोट रिकामं, तारा बाहेर. समोर एक नंबरच्या पडद्यावर गावातल्या घरांचे हिरवे ठिपके होते. बाईंनी यादी काढली आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली. प्रत्येकाला तेच, त्याच शब्दांत. तुम्ही चौदा महिने मदत केलीत. ती सगळी नोंद माझ्या चुकीने गेली. तुमची माहिती कुणाच्या हाती लागलेली नाही, पण माझ्याही हाती राहिली नाही. आता प्रोग्रॅम काढून टाका. तुमची माफी मागते.

एकदाही त्यांनी माझं नाव घेतलं नाही. "यंत्र बिघडलं" असं म्हणता आलं असतं, सगळे तसंच म्हणतात. त्या "माझ्या चुकीने" म्हणत होत्या आणि मी ऐकत होतो. मला बोलता आलं असतं तर ओरडून सांगितलं असतं, की बाई, अर्धी चूक माझी आहे.

परिचारिका म्हणाली, तुम्ही शब्द पाळलात. पोस्टमास्तरांनी विचारलं, मग पदवीचं काय? बाई म्हणाल्या, ती राहिली. एकेक फोन झाला की थोड्या वेळाने पडद्यावरचा एकेक ठिपका विझायचा. सासूबाईंनी दिलेला डबा बाजूला तसाच होता. दुपार होईपर्यंत तीस ठिपके विझले.

शेवटी शिंपी राहिला. बाईंनी त्यालाही तेच सांगितलं. पलीकडे शिलाई मशीनचा आवाज थांबला. त्याला बहुतेक निम्मंच कळलं असावं. तो म्हणाला, "बाई, माझा तर चालूच आहे. एक दिवसही बंद केला नाही मी. मग आता बंद करू का?"

बाईंनी यादीतल्या त्याच्या नावावर बोट ठेवलं. तो दोनदा "हॅलो, हॅलो" म्हणाला.

"करा," बाई म्हणाल्या.

"पण तुम्ही पुन्हा कधी चालू करायला सांगाल?"

बाईंनी फोन ठेवला. पडद्याकडे बघत बसल्या. तो ठिपका विझायला फार वेळ लागला. शिंपी वाट पाहत असेल बिचारा, बाई परत फोन करतील म्हणून. मग तोही विझला आणि बाई टेबलावर डोकं ठेवून रडल्या. मामा दाराबाहेर उभे राहिले, आत आले नाहीत.

बाई पुन्हा शाळेत गेल्या, त्याला आता बरीच वर्षं झाली. त्यांनी पदवी घेतल्याचं काही माझ्या कानावर आलेलं नाही. मामा निवृत्त होईपर्यंत अधूनमधून अडगळीच्या खोलीत डोकावून माझ्यावरची धूळ झटकत. एकदा म्हणाले, "बाईंनी विचारलं होतं तुझ्याबद्दल. फेकू नका म्हणाल्या." हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. पण बाई रागावल्या असत्या, तर मला जरा हलकं वाटलं असतं.

मित्रांनो, तुमच्या घरातलं एखादं यंत्र कुरकुरायला लागलं तर त्याच्याकडे कानाडोळा करू नका, हे तर मी सांगेनच. जपून ठेवायचं ते एका घरात ठेवू नका, हेही सांगेन. पण माझं खरं मागणं यंत्रांबद्दल नाही, तुमच्याबद्दल आहे. कुणीतरी तुमच्यावर भरवसा टाकेल, पाठीवर हात ठेवून विचारेल, जमेल ना तुला? त्या वेळी जमत नसेल, दुखत असेल, घाबरायला झालं असेल, तर त्या हाताला बरं वाटावं म्हणून हो म्हणू नका. "नाही, मला होत नाहीये" असं म्हणा. फार तर त्यांचा चेहरा पडेल. पडू द्या. बाईंचा चेहरा अकरा दिवस आधी पडला असता, तर आज त्या शिंप्याच्या दुकानातला ठिपका कदाचित अजून चालू असता.